दिवा जळतोय तोवर

नृसिंह सरांनी तेव्हाच सांगितलं होतं.

"इरावती, हे वाक्य काढ."

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कोल्हापुरात सरांच्या घराचा पुढचा खण म्हणजेच त्यांचं प्रकाशन. शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी हे खूळ डोक्यात घेतलं होतं. खेड्यातल्या पोरांसाठी पातळ पातळ पुस्तकं काढायची, विज्ञानाची, आरोग्याची, इतिहासाची. इरावती त्यांची जुनी विद्यार्थिनी. बी.एस्सी. झाली आणि लग्न करून शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका वाडीत जाऊन पडली. तिथून तिनं पोटाचं पुस्तक लिहिलं, किल्ल्याचं लिहिलं, आणि आता हवेचं. त्याची प्रुफं मांडीवर घेऊन सर बसले होते आणि एका ओळीवर ठेवलेलं बोट काही उचलत नव्हते.

'दिवा नीट जळतोय ना? मग हवा चांगली आहे.'

शेजारी चित्र होतं. पेल्याखाली विझलेली रडक्या तोंडाची मेणबत्ती, आणि मोकळ्यावर हसणारा दिवा, गालाला खळी पडलेला.

"बंद खोलीत कोळसा पेटत राहिला तर दिवा असाच हसत राहतो आणि माणूस संपतं," सर म्हणाले. "कार्बन मोनॉक्साइड. मीच शिकवलंय तुला."

"सर, तिसरीतल्या पोरांपुढं तो शब्द कुठं काढू? जळायला हवा लागते, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं की."

"शब्द नको काढू. वाक्य काढ."

"चित्र झालंय सर. आणि आता कोळशाच्या शेगड्या कुणाच्या घरी राहिल्यात?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "ही पुस्तकं कोण वाचतं, माहीत आहे का? मोठी माणसं रानात गेल्यावर घर राखायला मागं ठेवलेलं पोर वाचतं. त्या वेळेला सगळं घर त्याच्या अंगावर असतं. तुझं वाक्य ते खरं धरून चालतं."

इरावती हसली. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाली. सरांचं वय झालं, आता प्रत्येक ओळीला भितात, असं तिनं परतताना एसटीत मनाशी ठरवूनही टाकलं. पुस्तक छापून आलं, शाळाशाळांत गेलं. तिची पोरगी वल्लरी ते उशाखाली घेऊन झोपू लागली.

आणि आषाढ आला.

या भागात पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. सगळा डोंगर ढगात गेला होता. अंगणात शेवाळ, भिंतीला ओल, मिठाच्या बरणीत पाणी. घाटात कुठंतरी खांब आडवा झाला आणि वाडीची लाईट गेली ती आलीच नाही. मोबाईल होते, पण रेंज धरायला टेकाडावरच्या फणसाखाली जाऊन उभं राहावं लागायचं.

अशात घरात बाळंतीण. इरावतीची नणंद क्रांती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतपण मलकापूरच्या दवाखान्यात सुखरूप झालं, मुलगी झाली, आणि मायलेकी घरी आल्या. क्रांतीचा नवरा इचलकरंजीला मागावर, तो नाव ठेवायच्या दिवशी येणार होता. माजघराच्या पोटात एक अंधारी खोली होती, तीच बाळंतिणीची. सासूची, तिच्या सासूची आणि खुद्द इरावतीचीही बाळंतपणाची बाज तिथंच पडलेली. दाराला वाकळ टांगलेली, वर हातभर झरोका. लाईट होती तोवर बाजेखाली मोठा बल्ब लावून ठेवायचे. लाईट गेल्यावर सासूनं, तानाबाईनं, माळ्यावरची शेगडी खाली काढली आणि तिच्यात शेणी पेटवल्या.

धुरानं खोली भरून गेली. बाळ शिंकायला लागलं.

"आत्याबाई, धूर बाळाच्या छातीला वाईट," इरावती म्हणाली.

"आमची काय धुरात मेली न्हाईत. तुजा नवरा ह्याच धुरात वाढलाय."

"पण आता माहीत झालंय ना वाईट असतो ते. कोळसा आणू. लोणारी कोळसा. धूरच येत नाही त्याला."

तानाबाई आधी हटली नाही. पण रात्रभर बाळ खोकलं तेव्हा तीच उदयसिंहला म्हणाली, "आन बाबा तुज्या बायकोचा बिनधुराचा कोळसा." उदयसिंहनं मलकापुरातून पोतं आणलं. चुलीपुढं कोळसे फुलवून घेतले, लालभडक निखारे शेगडीत ओतले आणि शेगडी बाजेखाली सरकवली. धूर नाही, वास नाही, डोळ्याला पाणी नाही. खोली कशी आंघोळ केलेल्या अंगासारखी ऊबदार झाली. वरच्या दोरीवर टाकलेली दुपटी दुपारपर्यंत खडखडीत वाळली.

"पुस्तकवालीचं डोस्कं चालतंय म्हणायचं," तानाबाई म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून या घरात इरावतीला मिळालेली ही पहिली शाबासकी. ती दिवसभर अंगावर नवं लुगडं असल्यासारखी वावरली.

धूर नाही म्हटल्यावर झरोका उघडा ठेवायचं कारण उरलं नाही. तानाबाईनं त्यात पोतं कोंबलं. बाळंतिणीला वारं लागलं की जन्माची कंबर धरते. इरावतीनं ते कोंबलेलं पोतं बघितलं. बघितलं, आणि बाळाचे लंगोट उचलून पुढं गेली.

खोलीत दिवा होताच. पाचवी पुजल्यापासून बाळाला नाव ठेवेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीतला दिवा विझू द्यायचा नाही, ही घरची रीत. तेल घालायचं काम वल्लरीकडं. तिला त्याचा मोठा अभिमान. कोनाड्यातल्या दिव्यापुढं बसून ती क्रांतीला पुस्तक वाचून दाखवायची.

"बघ आत्या, दिवा हसतोय. म्हंजे आपली हवा एक नंबर हाय."

क्रांती हसायची. बाळ झोपलेलं असायचं.

त्या दिवशी सकाळी क्रांती न्हाणीतून बाहेर आली ती भिंतीला धरून.

"वैनी, डोकं लई दुखतंय गं."

"झोप झाली नाही का?"

"झोपतोच की. नुसती झोपच येतीया. न्हाणीत बसलं की जरा बरं वाटतंय, आत आलं की परत कवटी फुटतीया."

"बाळंतपण म्हंजे काय जत्रा हाय व्हय?" तानाबाई चुलीपुढनं बोलली. "रगात गेलंय अंगातलं. डिंकाचा लाडू खा आन पड."

इरावतीनं बाळाला उचललं. बाळ जड लागलं. आजारी पोर हलकं लागतं, हे जड, पाण्यात भिजलेल्या कापडासारखं. तिनं त्याच्या तळव्यात बोट दिलं. बोटं मिटली, पण सैल.

"पीत नाही का नीट?"

"झोपतंय पिता पिता."

"आत्याबाई, मी आज घरीच थांबते."

तानाबाई उठून उभी राहिली. कमरेला पदर खोचलेला, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेली. "लीलाच्या घरनं दोन बायका आल्यात्या आपल्या लावणीला. पैरा हाय, पावण्याचं जेवण न्हवं. दोन आल्या, दोन गेल्या पायजेत. तिला काय सांगू, सून लिवत बसलीया म्हणून?"

पैरा म्हणजे हाताची उसनवार. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. मजूर मिळत नाहीत अशा डोंगरात सगळी भातलावणी त्यावर चालते. ज्यानं पैरा मोडला त्याचा तरवा, लावणीच्या रोपांचा, पुढच्या साली वाफ्यातच पिवळा पडतो, कुणी फिरकत नाही. इरावतीला हे माहीत होतं. तिचे हात चिखलात अजून मंद होते, म्हणून तर तिला टाळता येत नव्हतं. टाळलं असतं तर ते मंदपणाच्या खात्यावर गेलं असतं.

पावसानं शाळेला सुट्टी होती. इरावतीनं वल्लरीला जवळ घेतलं.

"आत्याकडं लक्ष ठेवायचं. आत बसायचं तिच्यापाशी. तिला पाणी लागलं तर द्यायचं."

"आन दिवा?"

"दिवा बघायचा. विझायला लागला तर दार उघडायचं आणि पळत लीलाकाकूच्या रानात यायचं."

"आन जळत असला तर?"

इरावती खोळीची दोरी हनुवटीखाली बांधत होती. तानाबाई अंगणातून हाका मारत होती.

"जळत असला तर काय काळजी नाही," ती म्हणाली.

लीलाचं रान ओढ्याच्या अंगाला. उदयसिंह पॉवर टिलर घेऊन चिखलणी करत होता, मागं पाणी ताकासारखं घुसळून निघत होतं. बायका एका ओळीत वाकलेल्या. डाव्या हातात तरव्याची पेंडी, उजव्या हाताच्या तीन बोटांनी रोप सुटं करायचं, चिखलात खोवायचं, मागं सरायचं. पाठीवर पाऊस वाजत होता. इरावतीच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. पिंढरीला काहीतरी लागलं म्हणून बघितलं तर जळू. तिनं ती ओढून काढली, रक्त चिखलात गेलं.

"पुस्तकवाली, तुजी ओळ बघ गं कुठं चाललीया," लीला ओरडली. "कोल्हापूरला चाललीया का माहेरला?"

बायका हसल्या. लीला वाडीतली मोठ्या तोंडाची बाई, पण मनाला लागेल असं बोलून वर स्वतःच्या डब्यातली भाकरी देणारी. इरावतीनं ओळ सरळ केली. कमरेत कळ उठली ती तिनं दातांखाली धरली.

"तिला कशाला बोलतीस," तानाबाई म्हणाली. "तिच्या कोळशानं आमची बाळंतीण सुखात हाय."

इरावतीनं वाकलेल्या अंगानंच घराकडं बघितलं. धुक्यात घर दिसत नव्हतं. फणस तेवढा दिसत होता. डोकं लई दुखतंय. रगात गेलंय म्हणून असेल. न्हाणीत बरं वाटतंय. गरम पाण्यानं बरं वाटत असेल. तिनं रोप खोवलं, पुन्हा बघितलं.

"सारखी काय बघतीस मागं? पोरगी हाय की घरात," तानाबाई म्हणाली.

"काल माजं काय झालं सांगू का," लीलानं दुसरंच काढलं. तिला काम करताना बोलायला लागायचंच. "कोंबडीची पिल्लं काढलीती. ह्या गारठ्यात मरतील म्हणून खुराड्यात घातली, वर पोती टाकली, आन तुमचंच बघून इस्तवाची घमेली ठिवली आत. उदयसिंहभावजींकडनंच आणलाता कोळसा ओंजळभर. कंदील बी ठिवला, म्हटलं मुंगूस आलं तर उजेडाला बुजंल. सकाळी बघतोय तर सगळी पिल्लं मेलेली."

"मुंगसानं मारली?"

"कुटलं मुंगूस. एक नख न्हाय लागलेलं. गारठली म्हणावं तर खुराडं ऊन. चोची उघड्या, अंग मऊ, झोपल्यावाणी. आन कंदील आपला तसाच जळतोय मख्ख. नजर लागली गं कुणाची तरी."

इरावतीच्या हातातली पेंडी पाण्यात पडली.

ती उभी राहिली. एवढा वेळ वाकलेलं अंग एकदम सरळ झालं तसं डोळ्यांपुढं काळं आलं, त्या काळ्यात तिला चित्र दिसलं. गालाला खळी पडलेला दिवा. न्हाणीत बरं वाटतंय, आत आलं की परत. आत आलं की परत. पोतं कोंबलेला झरोका. बाळाची सैल बोटं. आणि वल्लरीला तिनं आत बसवलंय. तिच्यापाशी, आत.

"काय झालं गं?" लीला म्हणाली.

इरावती धावत सुटली होती.

"अगं ए, बांधाची मेर मोडतीस का काय. इरावती." तानाबाईचा आवाज पाठीमागून आला. "लोकांच्या रानातनं अशी उठून..."

चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जात होता. तो उपसून काढायचा, पुन्हा घालायचा. स्वप्नात पळतात तसं. बांधावर घसरली, हाताला काटे लागले, खोळ मागं उडून पडली. टेकाडाचा चढ आला तेव्हा छातीचा भाता झाला होता. तिनं वल्लरीला हाक मारली. उत्तर आलं नाही. पाऊस होता, ऐकू गेलं नसेल. पुन्हा मारली.

घराचं दार लोटलेलं. सोपा शांत. माजघर शांत. खोलीचं दार आतून ओढून घेतलेलं. वारं लागू नये म्हणून पोरीनं शहाणपणानं ओढलेलं. इरावतीनं दार ढकललं आणि वाकळ हिसडून खाली पाडली.

ऊब तोंडावर आली. गोड, बिनवासाची ऊब.

कोनाड्यात दिवा जळत होता. सरळ, स्वच्छ, हलत नसलेली ज्योत. त्याच्या उजेडात वल्लरी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर पुस्तक, पुढ्यात ओकारी. डोळे उघडे ठेवायला ती धडपडत होती.

"आई," ती म्हणाली. जीभ जड. "मी झोपलो न्हाय. दिवा जळतोय बघ."

इरावतीनं तिला काखेला धरून ओढलं, ओसरीवर नेऊन टाकलं, पावसाच्या झडीत. परत आत. बाळाला बाजेवरून उचललं. मान मागं गेली. ते ओसरीवर वल्लरीच्या मांडीत ठेवलं, "धर, बाळ, घट्ट धर, झोपू नको," आणि परत आत. क्रांती हाकेला उठेना. गालावर मारलं तरी उठेना. गाल गुलाबी, ताप आल्यासारखे. तिच्या अंगाखालच्या वाकळीची दोन टोकं धरून इरावतीनं तिला बाजेवरून खाली घेतलं. डोकं आपटलं असतं ते तिनं स्वतःच्या गुडघ्यावर झेललं. आणि वाकळ ओढत, उंबऱ्यावरून, माजघरातून, पोत्यासारखी बाहेर आणली. शेवटी शेगडी फडक्यानं धरून अंगणात भिरकावली. निखारे पाण्यात पडले आणि चर्र आवाज करत काळे झाले.

बाळाचं तोंड उघडं होतं. इरावतीनं त्याचे तळपाय चोळले, टिचकी मारली. पागोळ्या ओसरीच्या कडेला पडत होत्या, त्यांचे तुषार बाळाच्या तोंडावर उडत होते. एकदा ओठ हलले. मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. मग थांबला. मग पुन्हा आला.

तानाबाई अंगणात पोचली तेव्हा तिनं पहिलं काय बघितलं तर पावसात पडलेली लेक.

"रांडं, बाळंतिणीला पावसात टाकलीस?" ती वाकळ उचलून क्रांतीच्या अंगावर घालू लागली. "वारं लागंल तिला. आत घे, आत घे."

"आत न्यायचं नाही."

"काय?"

"आत्याबाई, आत जाल तर मी तुम्हाला हात धरून ओढीन." इरावतीचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "कोळशानं केलंय हे. लीलाच्या पिल्लांचं केलं तेच. वारं लागू दे तिला. वारंच पाहिजे."

"बाहेरचं काहीतरी लागलंय. मिरच्या आन, दृष्ट काढू..."

"मिरच्यांचा धूर नको," इरावती ओरडली.

मागोमाग उदयसिंह आला, चिखलानं माखलेला. त्यानं बहिणीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आणि काही न विचारता वाडीच्या खालच्या अंगाला पळाला. तिथं सम्राटची जीप होती, वडापची, बाजारच्या दिवशी माणसं कोंबून नेणारी. सम्राट अंघोळीवरून उठून आला. मागची सीट काढून क्रांतीला निजवलं. तिचं डोकं तानाबाईच्या मांडीवर, बाळ इरावतीच्या छातीशी, वल्लरी पुढं बापाच्या मांडीत. पुस्तक तिनं सोडलं नव्हतं.

तानाबाईनं काचा वर करायला हात घातला. इरावतीनं तो हात धरला.

"झडी आत यायलीया गं."

"येऊ दे."

"माज्या लेकीला निमोनिया झाला तर?"

"होऊ दे. निमोनियाला औषध आहे."

तानाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हात काढून घेतला, पदरानं लेकीचं कपाळ झाकलं आणि नाक तेवढं उघडं ठेवलं.

खालच्या ओढ्यावर पाणी आलं होतं. पूल दिसत नव्हता, दोन्ही बाजूंचे दगड तेवढे दिसत होते, आणि त्यांच्यामधून तपकिरी पाणी घाईघाईनं चाललेलं. सम्राटनं जीप थांबवली.

"काय करायचं पावणं?" तो उदयसिंहला म्हणाला. वाडीचाच माणूस, पण टेन्शन आलं की तो सगळ्यांना पावणं म्हणायचा. "चाकाच्या वर हाय पानी."

 इरावतीनं क्रांतीच्या छातीवर हात ठेवला. छाती वर आली. खाली गेली. किती वेळ लागला वर यायला.

उदयसिंह खाली उतरला. हातात काठी घेऊन पाण्यात शिरला, पुढं पुढं, पुलाची कड चाचपत. पाणी मांडीला आलं. त्यानं मागं न बघता हात वर केला आणि बोटांनी बोलावलं. सम्राट त्याच्या पाठीवर नजर ठेवून, पहिल्या गिअरात, इंजिन रडवत निघाला. जीपमध्ये पाणी आलं. तानाबाईनं पाय वर घेतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुनेचा हात धरला. तो पलीकडं जाईपर्यंत सोडला नाही.

मधेच वल्लरीनं मान मागं वळवली. "आई, बाळ कसं हाय?"

"आहे. तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीपण. पाढे म्हण."

ती सातचा पाढा म्हणू लागली. मधेच अडखळली की इरावती पुढचा आकडा सांगायची.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी प्रश्न विचारला, मग स्टेथोस्कोप लावला. "खोलीत कोळसा होता का?"

"होता. झरोका बंद होता," इरावती म्हणाली.

"किती वेळ?"

इरावतीनं सांगितलं. दर पावसाळ्यात अशी एक तरी येते, असं काहीतरी डॉक्टरीण नर्सला पुटपुटली. तिघींच्या तोंडाला ऑक्सिजन लागला. बाळाला एवढंसं, चिमणीच्या घरट्याएवढं झाकण. वल्लरीची डोकेदुखी आधी उतरली, तिला भूक लागली, बिस्किटं मागितली. बाळ संध्याकाळकडं मोठ्यानं रडलं. ते रडणं ऐकून तानाबाई कॉरिडॉरमधून उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

क्रांतीनं डोळे उघडले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. तिनं आईला ओळखलं. वैनीला ओळखलं. मग स्वतःच्या पोटावर हात फिरवला.

"वैनी, माजं बाळंतपण झालं का?"

तानाबाईनं तोंडात पदर कोंबला.

"झालं गं. मुलगी झालीय."

"व्हय?" क्रांती म्हणाली आणि छताकडं बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कोल्हापूरला हलवायची चिठ्ठी लिहायला घेतली. जीव वाचलाय, म्हणाल्या. बाकीचं काही दिवस गेल्यावर कळेल. काही जणींचं सगळं परत येतं, काही जणींचं थोडं राहून जातं. उदयसिंह ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावत होता.

इरावती बाकावर बसली. अंगावरचा चिखल वाळून तडकत होता. वल्लरी तिला टेकून बसली, आणि तिनं मांडीवरचं पुस्तक उघडलं. भिजून पानं फुगली होती. ती त्याच पानावर थांबली.

"आई, दिवा जळत होता."

"हं."

"मी सारखा बघत होतो. एकदाबी नजर काढली न्हाय. डोकं दुखाय लागलं तरी उठलो न्हाय. दिवा चांगला होता की."

"दिवा चांगलाच होता."

"मग पुस्तकात असं कसं लिवलंय?"

इरावतीनं तिच्या केसांतून हात फिरवला. केसांत वाळलेली ओकारी होती, ती तिनं नखानं काढली.

"चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली. "मी लिहिलंय."

वल्लरी आईच्या तोंडाकडं बघत राहिली. रागानं नाही. पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. तिनं पुस्तक मिटलं आणि बाकावर ठेवलं, जरा लांब.

इथं रेंज होती. इरावतीनं नृसिंह सरांना फोन लावला. घडलं ते सांगायला तिला फार शब्द लागले नाहीत.  'मी सांगितलं होतं' असं आता सर म्हणतील, याची ती वाट बघत होती.

"तुझी पोर कशी आहे?" सरांनी विचारलं.

"बरी आहे. बिस्किटं खातेय."

"बाळ?"

"रडलं."

"रडू दे." सर खाकरले. "पुस्तकं गेलीत इरावती. गगनबावडा, राधानगरी, तिकडं गडहिंग्लजकडं. सगळीकडं पाऊस लागलाय. परत मागवेपर्यंत पावसाळा संपेल. शिक्षकांना आत्ताच्या आत्ता फोनवर पाठवू, वर्गात वाचून दाखवा म्हणून. शाळा बंद असेल तिथं पोरांच्या घरी जा म्हणून. आणि उद्या छापून प्रत्येक प्रतीत त्या पानावर चिकटवू. सांग, काय लिहू?"

"तुम्ही लिहा सर."

"मी नाही. त्यांनी तुझं ऐकलंय."

इरावती उठून खिडकीपाशी गेली. बाहेर ॲम्ब्युलन्स मागं मागं येत दाराला लागत होती. सरांच्या टेबलाचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"हळू सांग," सर म्हणाले.

तिनं सांगितलं. वाक्यं तिनं शोधली नाहीत. डोळ्यांपुढं एक पोर होतं, कुठल्या तरी वाडीतलं, मोठी माणसं रानात गेलेली, मांडीवर पुस्तक घेऊन बसलेलं. त्या पोराला ती सांगत होती.

'या पानावर दिवा हसतोय. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. कोळसा आणि निखारे एक विषारी हवा सोडतात. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि तिच्यात दिवा विझत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, बाहेर गेलं की बरं वाटतं. असं कुणी म्हणालं तर मोठ्यांची वाट बघू नकोस. दार उघड, खिडकी उघड, झरोक्यातलं पोतं काढ, आणि तूही बाहेर ये. कुणी रागावलं तर रागावू दे. मग मोठ्यानं ओरडून माणसं बोलाव.

पुढचं पान नंतर वाच. आधी सांग, तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी बाळंतीण आहे का? कुणी आजी, कुणी आजारी माणूस, दार लावून शेगडीजवळ निजलेलं? आज त्यांचा आवाज ऐकलास का तू?

पुस्तक खाली ठेव. जा, दार उघडून बघून ये.'